बोरन्हाण नाशिकला, मैत्रीण मुंबईत आणि रविवार एकच

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. मुलगा दीड वर्षाचा आहे. संक्रांतीनंतरच्या रविवारी नाशिकला सासरी त्याचं पहिलं बोरन्हाण ठरलंय, चाळीसेक माणसं येणार आहेत. त्याच रविवारी सकाळी तुमची कॉलेजातली मैत्रीण मुंबई मॅरेथॉनच्या ड्रीम रनमध्ये, म्हणजे तिच्यातल्या छोट्या, बिनस्पर्धेच्या गटात, चालणार आहे. कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या मुलांच्या कुटुंबांना मुंबईत राहायला जागा देणाऱ्या एका संस्थेसाठी ती निधी गोळा करते आहे. तिनं पैशांची मदत मागितली आहे, शिवाय "बाळाला घेऊन ये, आपण सोबत चालू" असंही म्हटलंय. तुम्ही ठाण्याला राहता. मुलगा अनोळखी माणसांकडे जात नाही, गर्दीत रडतो. तुमचा शेवटचा प्रश्न, "कोणाला नाही म्हणू?"

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि काही वर्षं ड्रीम रनमध्ये चाललेही आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिते. माझ्या मते कोणालाच नाही म्हणायची गरज नाही. एका कार्यक्रमाची तारीख हलू शकते, दुसऱ्याची हलत नाही, एवढाच हा पेच आहे. पण तुम्ही न विचारलेली एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. दीड वर्षाच्या मुलाच्या डोक्यावरून त्या दिवशी नेमकं काय ओतणार, ही ती गोष्ट. त्यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे.

आधी तारीख. बोरन्हाण संक्रांतीलाच किंवा लगेचच्या रविवारी करायला हवं असं नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं, हे सासूबाईंना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. संक्रांत सूर्याच्या संक्रमणावर ठरते, म्हणून १४ किंवा १५ जानेवारीलाच येते. रथसप्तमी ही माघ शुद्ध सप्तमी, म्हणजे चंद्राच्या हिशेबानं, त्यामुळे ती पुढेमागे होते. २०२६ मध्ये ती २५ जानेवारीला, तर २०२७ मध्ये १३ फेब्रुवारीला. एखाद्या वर्षी हातात जेमतेम दीड आठवडा असतो, एखाद्या वर्षी जवळजवळ महिना. मुंबई मॅरेथॉन मात्र जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे १५ ते २१ तारखेच्या दरम्यान. संक्रांतीच्या मागोमाग ती येणारच. तेव्हा पंचांग काढा आणि रथसप्तमीपर्यंत आणखी किती शनिवार-रविवार आहेत ते मोजा. एक जरी असला तरी बोरन्हाण तिकडे न्या.

हे मी मैत्रिणीची बाजू घेऊन सांगत नाही. मुलाच्या दृष्टीनंही तेच बरं आहे. संक्रांतीच्या आठवड्यात घरात पाहुणे, हळदीकुंकू, तिळगुळाची ये-जा चालूच असते. त्यातच ठाणे-नाशिक प्रवास, नवीन घरातली रात्र आणि दुसऱ्या दिवशी चाळीस माणसं, हे या वयाला फार होतं. शनिवारी सकाळी जाऊन रविवारी संध्याकाळी बोरन्हाण करता आलं, तर मध्ये एक अख्खी रात्र आणि दुपारची एक झोप मिळते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसा-रात्रीची मिळून ११ ते १४ तास झोप लागते. दीड वर्षाच्या आसपास बरीच मुलं दोन डुलक्यांवरून एका डुलकीवर येत असतात, त्यामुळे ती एक चुकली की संध्याकाळ हातातून गेली. कार्यक्रम पाचला म्हणजे पाचला, आणि त्याआधी तो स्वतःहून उठलेला असावा. बोरन्हाणात रडणारी जी मुलं मी पाहिली, त्यातली बहुतेक झोपेतून उचलून, अंगात काळा अंगरखा चढवून थेट पाटावर बसवलेली होती.

अनोळखी माणसांना पाहून रडणं हा त्याचा दोष नाही आणि तुमचाही नाही. सात-आठ महिन्यांपासून साधारण दीड वर्षापर्यंत, काही मुलांत त्यानंतरही, आपलं माणूस आणि परकं माणूस यांतला फरक मूल फार तीव्रतेनं जाणतं. मेंदूची वाढ बरोबर चालल्याचं ते लक्षण आहे. "आईनं सवयच लावली नाही" असं कोणी म्हणालं तर वाद घालू नका. त्याला पाटावर एकटं न बसवता तुमच्या किंवा त्याच्या बाबांच्या मांडीवर बसवा. मुलांचा घोळका समोर असू दे, पण मोठी माणसं एका वेळी दोघं-तिघंच जवळ येऊ देत. औक्षण आधी उरकून निरांजन लगेच उचला, कारण या वयात ज्योत दिसली की हात तिकडे जातो. डोक्यावरून ओतायचं ते मागून अचानक नको. आधी त्याच्याच ओंजळीत द्या, त्याला खाली टाकू द्या, हसू द्या, मग दोन-तीन ओंजळी. पाच मिनिटांत संपलं तरी बोरन्हाण पूर्ण झालं.

आता काय ओतायचं ते. आपल्याकडची रीत अशी: चण्यामण्या बोरं, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, उसाचे करवे, तिळाच्या रेवड्या, हलवा, बत्तासे, आणि हल्ली त्यात गोळ्या-चॉकलेटं. जानेवारीत शेतात जे तयार असतं ते लेकराच्या अंगावरून ओतायचं आणि जमलेल्या मुलांनी ते लुटायचं. मला ही रीत मनापासून आवडते आणि ती मोडा असं मी सांगणार नाही. पण ही यादी पुन्हा वाचा. दीड वर्षाच्या मुलाच्या श्वासनलिकेत अडकतील असे जवळजवळ सगळेच पदार्थ तिच्यात आहेत. शेंगदाणा, सोललेला हरभरा, बोराची बी, गोळी, उसाचा चोथा, रेवडीचा तुकडा.

या वयात समोरचे दात असतात, त्यामुळे मूल तुकडा तोडू शकतं. पण दळणाऱ्या दाढा नसतात किंवा पहिल्याच नुकत्या येत असतात. दुसऱ्या दाढा साधारण दोन ते पावणेतीन वर्षांच्या दरम्यान येतात. तोडलेला तुकडा बारीक न होता तसाच मागे जातो. त्याच क्षणी मूल हसलं, रडलं किंवा दचकून श्वास ओढला, की तो अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत. बोरन्हाणात नेमकं हेच सगळं एकाच वेळी घडतं. मूल जमिनीवर, आजूबाजूला सांडलेले दाणे, मुलांचा गलका, आणि सगळ्यांचं लक्ष फोटोत. आपल्या देशात लहान मुलांच्या श्वासनलिकेतून जे काढावं लागतं, त्यात शेंगदाणा सगळ्यात वरच्या नंबरावर आहे.

शेंगदाण्याचा धोका दोन टप्प्यांत असतो. मोठा तुकडा वरच अडकला तर मूल तिथल्या तिथे गुदमरतं. छोटा तुकडा खाली एका बाजूच्या नळीत गेला, तर एक जोराचा ठसका येतो, मूल लालबुंद होतं, मग शांत होतं, आणि घरचे म्हणतात, "गेलं वाटतं खाली." चार-आठ दिवसांनी खोकला, छातीत घरघर, ताप. डॉक्टर दम्याची किंवा न्यूमोनियाची औषधं देतात, कारण ठसक्याची गोष्ट कोणी सांगितलेलीच नसते. शेंगदाणा एक्स-रेमध्ये दिसत नाही आणि सुरुवातीला एक्स-रे अगदी नॉर्मलही येऊ शकतो. शेवटी भूल देऊन दुर्बिणीनं तो काढावा लागतो. म्हणून समारंभात किंवा नंतर जोराचा ठसका लागला असेल, तर मूल त्यानंतर छान खेळत असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि "हे खाताना ठसका लागला" हे वाक्य न विसरता सांगा.

मग करायचं काय? मी माझ्याकडे येणाऱ्या पालकांना सांगते की बोरं, घाटे, ऊस, शेंगा, हलवा हे सगळं एका ताटात नीट मांडा, पूजेला ठेवा, फोटोत येऊ द्या, आणि ते ताट उंचावर ठेवा. ओतायला गुलाबाच्या आणि झेंडूच्या पाकळ्या घ्या आणि वर थोडे चुरमुरे. चुरमुरा तोंडात भिजून मऊ होतो, म्हणून यादीत त्यातल्या त्यात तो बरा, तरी मूठभर कोंबू देऊ नका, आणि मुलं तो नाकातही घालतात हे लक्षात असू द्या. मक्याच्या लाह्या अजिबात नकोत. जमलेल्या मुलांची लूट आधीच छोट्या पिशव्यांत भरून ठेवा आणि त्यांना ती दुसऱ्या खोलीत लुटू द्या. त्यांचा आनंद तसूभरही कमी होत नाही. पिशव्या उघडायच्या आत तुमचा मुलगा त्या खोलीतून बाहेर असावा. कार्यक्रम संपल्यावर सोफ्याखाली, सतरंजीच्या घडीत, दाराच्या कोपऱ्यात झाडू फिरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी रांगत जाऊन दाणा शोधणारं मूल घरातल्या कोणाहीपेक्षा बारीक नजरेचं असतं.

हलव्याचे दागिने घाला, त्याशिवाय बोरन्हाण झाल्यासारखं आजीला वाटणार नाही. पण मुकुट आणि बाजूबंद पुरेत. गळ्यातली माळ फोटोपुरती, तुमचा हात तिच्यावर असताना, आणि फोटो झाला की लगेच काढा. दोरा गळ्याला आवळू शकतो आणि सुटलेला हलवा सरळ तोंडात जातो. आणखी एक गोष्ट या समारंभात नवीन शिरली आहे. सजावटीतल्या चमकणाऱ्या पणत्या आणि वाणात वाटली जाणारी लुकलुकणारी खेळणी. त्यांत नाण्याच्या आकाराची बटण-बॅटरी असते. ती गिळली गेली आणि अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांत आतून गंभीर भाजतं. ज्याचं बॅटरीचं झाकण स्क्रूनं बंद होत नाही असं काहीही त्या खोलीत नको. बॅटरी गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न पाहता रुग्णालय गाठा.

घरातल्या दोघा-तिघांनी जाण्याआधी गुदमरण्यावरचा प्रथमोपचार शिकून घ्यावा. मूल जोरात खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्या, पाठ थोपटत बसू नका, पाणी पाजू नका. आवाजच निघत नसेल, श्वास घेता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर वेळ घालवू नका. एक वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या पात्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेनं, म्हणजे मनगटाजवळच्या भागानं, पाच जोरदार थापा मारा. निघालं नाही तर त्याच्या मागे गुडघ्यावर बसा, बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या खाली मूठ ठेवून आत-वर असे पाच झटके द्या. पुन्हा थापा, पुन्हा झटके. तोवर दुसऱ्यानं रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावायचा. मूल निपचित पडलं तर त्याला सपाट जागेवर झोपवून छातीवर दाब आणि तोंडानं श्वास सुरू करायचा. तोंडात न दिसणाऱ्या वस्तूसाठी बोट फिरवू नका, ती आणखी आत जाते. हे वाचून येत नाही, कोणाकडून तरी प्रत्यक्ष करून घ्या. तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारलंत तर पाच मिनिटांत दाखवतील.

तिळगुळाबद्दल थोडक्यात. येणारी प्रत्येक काकू, मावशी प्रेमानं त्याच्या तोंडात काहीतरी घालणार. आत्या किंवा घरातल्या एखाद्या खंबीर बाईला त्याच्याजवळ वाटी घेऊन बसवा. वाटीत बारीक कुटाचा, बोटानं कुस्करला जाईल असा मऊ लाडू, तोही चिमूटभर. दोन वर्षांखाली साखर-गूळ जितका टाळता येईल तितका टाळावा असंच आम्ही सांगतो, पण सणाच्या चिमटीवर मी अडून बसत नाही. तीळ आणि शेंगदाणा त्यानं आजवर खाल्ला नसेल, तर पहिल्यांदा घरी, सकाळच्या वेळी, थोडासा देऊन पाहा. अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, उलटी असं काही झालं तर ते चाळीस माणसांच्या गडबडीत नको. आणि कोणी आग्रह केलाच तर खुशाल डॉक्टरांचं नाव पुढे करा. आम्ही त्यासाठीच असतो.

आता मैत्रीण. ड्रीम रन साधारण सहा किलोमीटरचं असतं, सीएसएमटीच्या परिसरातून सुरू होतं. वेळेची स्पर्धा नसते, बरेच जण फलक घेऊन, वेष करून चालतात. पण त्यात चालायला आधी नोंदणी आणि छातीवर क्रमांक लागतो. वयाची अटही असते. त्यामुळे "बाळाला घेऊन सोबत चाल" हे तिनं प्रेमानं म्हटलं असलं तरी तसं होणार नाही. तशी मुभा असती तरी मी नको म्हटलं असतं. ढोल-ताशे, लाउडस्पीकर, हजारो माणसं, आणि मध्येच बाहेर पडायला वाट नाही.

तारीख हलली आणि तुम्ही मुंबईतच असाल, तर त्याला बाबांजवळ घरी ठेवून तुम्ही एकट्या जा, ही माझी पहिली पसंती. रविवारी पहाटे जादा लोकल सोडल्या जातात. दक्षिण मुंबईतले रस्ते बंद असतात, त्यामुळे गाडी काढू नका. त्याला न्यायचंच असेल तर सुरुवातीच्या जागी नको. चर्चगेटला उतरून मरीन ड्राइव्हच्या बाजूला, स्पीकरपासून लांब, कडेवर किंवा झोळीत घेऊन उभ्या राहा. मैत्रीण त्या बाजूनं जाणार आहे का ते त्या वर्षीच्या नकाशावर आधी पाहून घ्या. तिला पाहिलं, हात हलवला, की त्याच्या झोपेच्या वेळेआधी परतीची गाडी.

पण खरी मदत त्या सकाळची नसते. निधी गोळा करणाऱ्याला सगळ्यात जड जातात ते पहिले काही दिवस, जेव्हा तिच्या निधीच्या ऑनलाइन पानावर आकडा शून्याजवळ असतो आणि तिला ओळखीच्या माणसांना पुन्हा पुन्हा मेसेज पाठवावे लागतात. तुम्ही आज दिलेले हजार रुपये शेवटच्या आठवड्यातल्या हजारापेक्षा जास्त कामी येतात, कारण ते पाहून पुढचा माणूस देतो. पैसे तिच्या खात्यात न टाकता संस्थेच्या अधिकृत पानावरून द्या, तुमच्या नावावर, पॅन घालून, म्हणजे पावती मिळते. ८०-जी या नावानं ओळखली जाणारी देणगीवरची आयकर सवलत जुन्या करप्रणालीत असाल तरच मिळते, आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही. किती द्यायचं ते तुम्ही दोघांनी घरी ठरवा. घराचा हप्ता, पाळणाघराची फी यांतून जे उरतं त्यावर ते अवलंबून आहे आणि त्यात कोणाशी तुलना करायचं कारण नाही. त्याशिवाय तुमच्या ऑफिसातल्या, सोसायटीतल्या पाच जणांना तुम्ही स्वतः फोन केलात, तर तिच्या वाटणीचं अवघड काम तुम्ही उचललंत.

ती ज्या कामासाठी चालते आहे, त्याबद्दल मला दोन शब्द लिहायचेच आहेत. मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा रक्ताचा कॅन्सर आज बऱ्याच मुलांत बरा होतो, पण त्याचे उपचार दोन ते अडीच वर्षं चालतात आणि सुरुवातीचे महिने सारखं रुग्णालयाजवळ राहावं लागतं. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये देशभरातून कुटुंबं येतात. औषधाचा खर्च एखाद्या योजनेतून, ट्रस्टकडून निघू शकतो. पण आई-वडिलांची रोजंदारी बुडालेली, मुंबईत खोली परवडत नाही. केमोमुळे पांढऱ्या पेशी घटलेल्या मुलाला फुटपाथवर झोपवलं तर साधा संसर्गही जिवावर बेततो. आणि राहायची सोय नाही म्हणून उपचार अर्धे सोडून गावी परतलेली मुलं असतात. बरं होणारं मूल केवळ खोली नाही म्हणून हातचं जातं. स्वच्छ खोली, स्वयंपाकाचा ओटा आणि रुग्णालयात पोचवणारी गाडी हा तिथे उपचाराचाच भाग आहे. तुमची मैत्रीण फार मोलाचं काम करते आहे, हे तिला सांगा.

बोरन्हाणात या निधीसाठी डबा ठेवू का, असंही तुम्ही विचारलंय. मी ठेवणार नाही. लेकराच्या कौतुकाला आलेल्या माणसाला पैशांसाठी संकोचात पाडू नये, आणि आजारी मुलांच्या आवाहनावर तुमच्या मुलाचा फोटोही टाकू नये. सासूबाई स्वतःहून तयार असतील तर हळदीकुंकवाच्या वाणाचा खर्च कमी करून ती रक्कम घरातर्फे देता येईल. पण ही कल्पना त्यांची व्हायला हवी.

थोडक्यात क्रम असा: पंचांग पाहा, तारीख हलवायचा प्रयत्न करा, देणगी आजच द्या, ओतायच्या ताटातले पदार्थ बदला, आणि प्रथमोपचार शिकून घ्या.

सासूबाईंशी तारखेबद्दल तुमच्या नवऱ्यानं बोलावं. आई त्याची आहे, आणि सुनेनं मैत्रिणीसाठी नातवाचं बोरन्हाण पुढे ढकललं असं घरात पसरायला नको. त्यानं म्हणावं, "आई, शनिवारी येऊन रविवारी निवांत करू, त्याची झोपही होईल. रथसप्तमीच्या आधीचा कुठला दिवस तुला बरा वाटतो?" दिवस त्यांनाच निवडू द्या. लवकर विचारा, कारण एकदा शेजारीपाजारी बोलावणी गेली की त्यांनाही मागे फिरता येत नाही.

बोलावणी आधीच गेली असतील, किंवा त्या वर्षी रथसप्तमीपर्यंत दुसरी सुट्टीच नसेल, तर नाशिकला जा आणि मनात काही ठेवू नका. मात्र मैत्रिणीला ते याच आठवड्यात सांगा. त्या पहाटे सोबतीला कोण येणार हे तिला आधीपासून ठरवावं लागेल. तिच्या चालण्याच्या सकाळी नाशिकहून फोन करा, आणि पुढच्या आठवड्यात एक संध्याकाळ तिला घरी जेवायला बोलवा.